उतारावरचे टोमॅटो

१२ डिसेंबर

धाकटीस,

फोन मुद्दामच करत नाही. तू फोन घेतलास की बाबा शेजारी येऊन बसतात आणि तू तो लगेच स्पीकरवर टाकतेस. मग मी बहिणीशी बोलायचं आणि बापाने ऐकायचं, असला कारभार मला जमत नाही. म्हणून हे पत्र. आपला टेम्पोवाला आठवड्यातून एकदा रोपं घेऊन तुमच्या बाजूला वर चढतो, त्याच्याकडे देते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे, आणि बाबांना दाखवू नकोस. सोबत कोबी आणि पालकाची रोपं आहेत. ती थंडीतच लावायची असतात, दव गोठलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. बाबा परत कधी येणार? पाऊस संपला तेव्हा "इथे ओढ्याकाठी ओल फार, गुडघा धरतो, धाकटीकडे कोरडी हवा आहे, पंधरा दिवस राहून येतो" म्हणून गेले. त्या पंधरा दिवसांचा हिवाळा झाला. एवढ्या अवधीत माणूस नवा गुडघा बसवून चालायला लागतो.

मी इथे त्यांना काय कमी केलं होतं, ते एकदा मला कळू दे. नर्सरी त्यांनी उभी केली हे खरं, पण गेली कित्येक वर्षं मी त्यांना काडीचंही काम करू दिलेलं नाही. माती मी चाळते, ट्रे मी भरते, कलमं मी बांधते. त्यांनी झारी उचलली की मी हातातून काढून घ्यायची. शेडनेटच्या दाराशी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, खुर्चीवर उशी ठेवली. गिऱ्हाईक त्यांना नमस्कार करून मगच आत यायचं. आता जो तो विचारतो, "बाबा दिसत नाहीत?" मी सांगते, धाकटीकडे गेलेत. "असं का, वा, तिकडे करमलेलं दिसतंय." हे 'करमलेलं' ऐकून माझे कान किटले आहेत.

तुझे भावोजी म्हणतात, "अगं, दोन लेकी आहेत, राहिला माणूस इकडे-तिकडे तर बिघडलं कुठे?" त्यांना बिघडलेलं कधी दिसतच नाही. आयुष्यभर लोकांच्या घरचे मीटर वाचले, बायकोचा चेहरा काही वाचता आला नाही.

खरं काय ते लिही. गोड गोड लिहू नकोस.

ताई


२१ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र दातांच्या दवाखान्यात काउंटरखाली धरून वाचलं. समोर एक गाल सुजलेले गृहस्थ बसले होते. मी हसले ती त्यांनाच, असं समजून ते बिचारे रागावले. तेव्हा हसायला लावणारं पत्र दवाखान्याच्या वेळेत पाठवू नकोस.

खरं लिही म्हणालीस, तर खरं हे की बाबा मजेत आहेत. गुडघ्याचं नावसुद्धा काढत नाहीत. आमच्या घरामागे तो उतार आहे ना, जिथे मोडका कूलर आणि उरलेल्या फरश्या पडल्या होत्या, तिथे त्यांनी फरश्या आडव्या लावून तीन पायऱ्या केल्या, माती भरली, आणि तुझा कोबी पालक तिथे लागलासुद्धा. सकाळी मी कामावर जायच्या आधी तासभर आमचा वर्ग भरतो. मी पहिल्या दिवशी रोप पिशवीसकट लावलं, ताई. खरंच. मला वाटलं पिशवी विरघळते. बाबा इतके हसले की शेजारीण खिडकीत आली. मग स्वतः खाली बसून त्यांनी पिशवी कशी फाडायची, मुळांचा गोळा तळहातावर कसा उलटा घ्यायचा, सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत दाखवलं, कारण मी विसरले होते.

लहानपणी तू त्यांच्या मागे-मागे नर्सरीत असायचीस आणि मला बाबा सांगायचे, "तू घरात बस, तुझे पाय चिखलात बरे दिसत नाहीत." तेव्हा मी खिडकीतून तुम्हा दोघांच्या पाठी बघायचे. म्हणून तुला काय वाटेल ते वाटो, पण हे दिवस मला फार आवडतात.

परत कधी येणार ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. त्यांची ती लाकडी मुठीची कात्री मात्र मागितली आहे. टेम्पोतून पाठवशील?

तुझी धाकटी


२९ डिसेंबर

धाकटीस,

कात्री सापडत नाही. म्हणजे ती समोरच खिळ्याला टांगलेली आहे, पण मी देणार नाही. बाबांना सांग, सापडत नाही. कात्री तिकडे गेली म्हणजे उद्या झारी जाईल, परवा कपडे जातील, आणि मग टेम्पोवाल्याला मी कायमचा पत्ता सांगून ठेवायचा.

तुझा वर्ग वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो तुला लपवून काय करू? मला बाबांनी खाली बसून कधीही काही दाखवलेलं नाही. मी शिकले ती ओरडा खाऊन. रोप जरा तिरकं लागलं की उपटून हातात ठेवायचे, "पुन्हा." एवढाच माझा वर्ग. पिशवीसकट लावलं असतं तर त्या पिशवीत मलाच घालून ओढ्यात सोडलं असतं. आणि तुझ्यापुढे हसतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. इथे मी त्यांना शेवटचं हसताना कधी पाहिलं, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

तू खिडकीतून आमच्या पाठी बघत होतीस म्हणतेस. पाठीच बघितल्यास ना? समोरून आमचे चेहरे बघितले असतेस तर तू सुखाने घरात बसली असतीस.

असो. हिवाळ्यात करायचं ते करते आहे. शेडनेटच्या आतल्या बंदिस्त भागात टोमॅटो, ढोबळी मिरची उगवून वर आली आहे, रोपं अगदी देखणी आहेत. गिऱ्हाइकांचा तगादा सुरू झाला. दोन दिवस ऊन पडलं की बंगलेवाल्या बाई आणि ते रिटायर्ड मॅनेजर दारात हजर, "आता काय थंडी राहिली, द्या की टोमॅटो." मी कोणालाही देत नाही. आपल्या घराचा नियम आहे, फेब्रुवारी अर्धा सरल्याशिवाय टोमॅटो, मिरची, काकडी उघड्यावर नाही. आपल्याकडची थंडी कशी, वर्षभर नसते आणि एखाद्याच पहाटे येऊन सगळं घेऊन जाते. बाबांनी जन्मभर हा नियम मोडला नाही. मी लग्नाच्या आदल्या वर्षी आठवडाभर आधी चार रोपं लावली होती, तर महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते.

हे तुझ्या वर्गात शिकवलं का?

ताई


१७ जानेवारी

ताई,

रागावू नकोस, पण लिहिते. बाबांनी आमच्याकडे खिडकीत बी पेरून वाढवलेले टोमॅटो काल जमिनीत लावले. सगळे. वरच्या पायरीला, दगडी भिंतीला लागून.

मी त्यांना तुझा नियम सांगितला. म्हणजे त्यांचाच. म्हटलं, "ताई म्हणते, फेब्रुवारी अर्धा सरल्याशिवाय नाही." तर म्हणाले, "तो नियम खालचा. थंडी पाण्यासारखी असते, उतारावर थांबत नाही, वाहून जाते. आणि ही भिंत दिवसभर तापते, ती रोपांना पहाटेपर्यंत पुरते. इथे चालेल." मग जरा थांबून म्हणाले, "थोरलीला मात्र लिही, तिने घाई करू नये. सगळी थंडी वाहून तिच्याच वाफ्यांत साठते." म्हणून लिहिते आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं भिंतीशी बसून चहा घेतो. ते मला रोज विचारतात, आज आभाळ कसं आहे, वारा कसा आहे, हाताला हवा ओली लागते की कोरडी. मी काहीही सांगते. ते म्हणतात, चूक. मग मी परत सांगते. हे म्हणाले, "तुमचा हा पोरखेळ संपला की जेवायला वाढा." जावई म्हणून बाबांसमोर जरा जपून बोलायचे, तेही सुटलं.

कात्री सापडत नाही म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "खिळ्याला बघ म्हणावं."

धाकटी


२४ जानेवारी

धाकटीस,

पत्र वाचून आधी मी सगळे ट्रे बाहेर काढले, मग हे लिहायला बसले आहे. त्यामुळे कागदाला माती लागली असेल तर लागू दे.

मला निरोप काय, तर घाई करू नये. मला. जिला गेल्या कित्येक हिवाळ्यांत एक रोप मरू न देण्याची कीर्ती आहे, तिला. आणि जी पिशवी विरघळते म्हणते, तिच्या घरी जानेवारीत टोमॅटो. तुझ्यासाठी थंडी वाहून जाते, तुझ्यासाठी भिंत तापते, तुझ्यासाठी नियम खालचा होतो. मी नियम पाळला तेव्हा बाबांनी शाब्बास म्हटलं का? नाही. मी मोडला तेव्हा अबोला धरला. तुझ्यासाठी त्यांनी स्वतःच मोडला, वर चहा पीत बसले.

थंडी उतारावरून खाली येते हे मला शिकवू नकोस. मी त्याच खालच्या जागेत आयुष्य काढलं. पण गेले दोन हिवाळे इथे दव गोठलेलंच नाही. दुपारी तर स्वेटर अंगावर सहन होत नाही. जुने नियम जुन्या हवेचे होते, बाबांनी ते तुझ्याकडे जाऊन ओळखलं, मी इथे बसून ओळखलं, एवढाच फरक.

काल आणि आज मिळून सगळे टोमॅटो आणि सगळी ढोबळी रस्त्याकडच्या वाफ्यांत लावून टाकली आहे. येणारा-जाणारा बघतो आहे. मॅनेजर तर फाटकाशी थबकले, म्हणाले, "आता तुम्हीच लावलीत म्हणजे थंडी संपली." मी म्हटलं, संपली.

बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. पहिली पिकलेली टोपली तुझ्या आधी माझी निघेल, ती मी टेम्पोतून पाठवीन, तेव्हाच त्यांना कळू दे.

ताई


३१ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला काही फार कळतं असं नाही, पण तू हे रागाने केलंस, एवढं कळतं. बाबांना सांगू का? तू नको म्हणालीस म्हणून थांबले आहे. रोज जिभेवर येतं आणि गिळते. निदान संध्याकाळी वाफ्यांवर चादरी तरी घालत जा. काठ्या लावून, पानांना कापड न टेकवता, आणि दुपारीच जमिनीला पाणी देऊन. बघ, तुलाच शिकवायला लागले.

एक मात्र सांगायलाच हवं, कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल संध्याकाळी बाबांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "बाबा, आज वारा अजिबात नाही, आभाळात ढगाचा तुकडा नाही, हवा कोरडी आहे. आज झाकायला हवं." त्यांनी वर पाहिलं. हात पुढे करून हवा पाहिली. म्हणाले, "बरोबर. तुला कळायला लागलं." मग आम्ही झाकलं, आणि आज पहाटे खरंच गवतावर पांढरं चमकत होतं, अगदी थोडं. आपली रोपं ठणठणीत.

मला इतका आनंद झाला होता. बाबा मात्र रात्री जेवून लवकर झोपले आणि आज सकाळी वर्गाला आले नाहीत. भारावले असतील असं मला वाटतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी आलं.

तुझ्याकडेही काल थंडी पडली असेल. कळव.

धाकटी


३ फेब्रुवारी

धाकटीस,

काही झालेलं नाही. पानांच्या कडा जरा काळवंडल्या, तेवढ्याने कोणी मरत नाही. चादरी मी काढून ठेवल्या आहेत, पण घालणार नाही. रस्त्याकडचे वाफे आहेत. सगळं गाव म्हणेल, आधी लावलीत आणि आता पांघरुणं घालता.

तुला बाबा "कळायला लागलं" म्हणाले. हे वाचून मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि काम करायला गेले. मग परत येऊन वाचलं. मला हे त्यांनी कधीही म्हटलेलं नाही. त्यांनी ते म्हणावं म्हणून मी किती वर्षं काय-काय केलं, ते तुला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तू तीन महिन्यांत, चहा पिता पिता मिळवलंस.

हे टेम्पोची वाट न बघता बसच्या कंडक्टरकडे देते आहे. मला सध्या पत्र पाठवू नकोस.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे. हे बाबांच्याच पिशवीत कपड्यांवर ठेवलं आहे, ते आत शिरले की तुझ्या हाती लागेल.

आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी सवयीने स्पीकर लावला. तू आधी नुसती रडलीस. मग म्हणालीस, "सगळी गेली ग, पानं उकडल्यासारखी झाली आहेत, हात लावला तर पाणी गळतं." बाबा समोर होते. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता भडकतील. त्यांनी फक्त विचारलं, "कधी लावली होती?" मी खरं सांगितलं. तुझं पत्र, नियम, मॅनेजर, सगळं. ते उठले आणि पिशवी भरायला लागले. मी म्हटलं, टेम्पो परवा आहे, तर म्हणाले, बसने जातो.

चेहऱ्यावर काळजी होती, ती खोटी नव्हती. पण ताई, मघाशी कपडे घेऊन जिना उतरताना त्यांनी कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

त्यांचा निरोप फोनवर दिलाच, रडताना ऐकला नसशील म्हणून पुन्हा लिहिते, ते सांगेपर्यंत लिंबू, जास्वंद, मोगरा, जे काही काळं पडलंय त्याचं एक पान कापू नकोस. काळी पानं असू देत, त्यांच्याखाली नवे फुटवे येणारे जिवंत डोळे आहेत, अजून एखादी थंडी पडली तर तेच पांघरूण होतं. टोमॅटो मात्र गेले ते गेले.

धाकटी


१३ फेब्रुवारी

धाकटीस,

बाबा पोचले ते घरात शिरलेच नाहीत. पिशवी फाटकाशी टाकली आणि थेट वाफ्यात. पहिलं वाक्य, "तुला काही म्हणजे काही कळत नाही." तेव्हापासून रोज निदान चार वेळा तेच ऐकते आहे. मॅनेजर आले तर त्यांच्यादेखत म्हणाले. मला शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही.

पुन्हा बी पेरलं आहे. त्यांनीच पेरलं, मला हात लावू दिला नाही. ट्रे चुलीच्या खोलीत ठेवले आहेत, कारण तिथे ऊब असते, आणि आम्ही ट्रे ओलांडून स्वयंपाक करतो. तुझे भावोजी दोनदा अडखळले. कोमट पाणी कधी, किती, कुठल्या भांड्याने, सगळं बाबा सांगतात. दाराशी ठेवलेली खुर्ची त्यांनी परवा स्वतः उचलून मागच्या शेडमध्ये नेली आणि तिच्यावर खताची पोती रचली. कात्री खिळ्यावरून काढली आणि लिंबाच्या प्रत्येक फांदीला नखाने खरवडून बघितलं, कुठे हिरवं आहे, कुठे नाही. काल असंच खरवडताना मला म्हणाले, "इकडे ये, बघ." आणि खाली बसून दाखवलं. मला ते ठाऊक होतं. तरी मी शेजारी बसून बघितलं.

गिऱ्हाईक विचारतं, "बाबा आले वाटतं?" मी म्हणते, आले. हे सांगताना मला किती बरं वाटतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. रोपं गेली, नाव गेलं, निम्मा हंगाम हातचा गेला, आणि मी स्वयंपाक करताना गुणगुणते.

तिकडे एकटीला जमतंय ना?

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

"एकटीला जमतंय ना" हे तू प्रेमाने लिहिलंस की चिमटा काढलास, मी दवाखान्यात दोन दिवस विचार करत होते. जमतंय. फार छान जमतंय. टोमॅटोला फुलं आली आहेत, त्यांना काठ्या बांधल्या, बगलेतले फुटवे काढले, कोणाला विचारावं लागलं नाही. हे बघतात आणि म्हणतात, "वा." ते प्रत्येक गोष्टीला वा म्हणतात, मीठ कमी पडलं तरी.

भिंतीशी चहा घेऊन बसते. आभाळ बघते. बरोबर सांगते. चूक म्हणायला कोणी नाही.

बाबांना बसमध्ये बसवताना मी विचारलं, परत कधी याल? माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला आता सगळं येतं." मला वाटलं कौतुक करताहेत. घरी येऊन भांडी घासताना समजलं की तो निरोप होता. ते माझ्याकडे राहिले कारण मला रोप उलटं धरता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी वारा पडलेला ओळखला आणि त्यांचं इथलं काम संपलं. मूर्खासारखी आनंदाने नाचत होते मी. तोंड बंद ठेवून रोपं मरू दिली असती तर ते आज इथे असते.

तुझा मला हेवा वाटतो, ताई. लहानपणी वाटायचा त्याहून जास्त. तेव्हा निदान मला वाटायचं, मला येत नाही म्हणून ते तुझ्याबरोबर असतात.

म्हणून एकच विचारते आणि खरं सांग. तुला निरोप मिळाला होता. थंडी कुठे साठते हे तुला माझ्याआधीपासून माहीत होतं. चादरी काढून ठेवल्या होत्यास. मग त्या संध्याकाळी का घातल्या नाहीस? बाबांना परत आणायला तू हे मुद्दाम केलंस का?

धाकटी


३ मार्च

धाकटीस,

नाही. मुद्दाम नाही केलं. इतकी हुशार मी नाही.

त्या संध्याकाळी मी फाटकाशी उभी होते. वारा पडला होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. चादरी घडी करून ओट्यावर ठेवल्या होत्या, हात लांबवला की मिळतील इतक्या जवळ. काय होणार आहे ते मला अगदी नीट माहीत होतं. पण डोक्यात एकच घोळत होतं, धाकटीचे उघड्यावर जगतात तर माझे का नाही. रोपांवर चादर घालणं म्हणजे तू बरोबर आणि मी चूक, असं वाटत होतं. म्हणून घातली नाही. तो नुसता हेवा होता, त्यात डावपेच काही नव्हता. सकाळी ती काळी पानं बघितल्यावर मला तुझी नाही, रोपांची लाज वाटली. त्यांचा काय संबंध होता?

तुझं पत्र वाचल्यावर मी बाबांकडे पाहिलं. ते चुलीजवळ वाकून नव्या रोपांना पाणी घालत होते. इतकी वर्षं मी त्यांना खुर्चीवर बसवून, वर उशी देऊन, घरातून घालवत होते, हे मला तू लिहिल्यावर कळलं. त्यांना आराम नको होता, काहीतरी न येणारी मुलगी हवी होती. तू तशी होतीस, मी नव्हते. आता मी आहे, आणि तू नाहीस.

काल त्यांनी विचारलं, "काकडी आता बाहेर लावायची का ग?" मला उत्तर माहीत होतं, तुलाही असेल. मी म्हटलं, मला नाही सांगता येणार, तुम्ही बघा. त्यांनी मातीत हात घातला, बराच वेळ ठेवला, आभाळाकडे पाहिलं, मग म्हणाले, अजून आठवडाभर थांब. मी बरं म्हटलं. खरं तर कालच लावली असती तरी चाललं असतं.

ही युक्ती तुला सांगावी की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सांगायची इच्छा नव्हती. पण तू भिंतीशी एकटी चहा पितेस, ते डोळ्यांसमोरून जाईना. तर ऐक. बाबांना जे येतं आणि तुला येत नाही, असं काहीतरी शोधून काढ. कलम बांधणं तुला येत नाही. शिकू नकोस. गुलाबाची एक फांदी वाकडी-तिकडी बांध, मरू दे, आणि रडत फोन कर. ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये असतील, मी त्यांना ओळखते.

फक्त आत्ताच करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. मला ते इतक्या वर्षांनी मिळाले आहेत. उन्हाळा लागेपर्यंत तुला सगळं येतं, असंच राहू दे.

ताई